आराखड्यातले घर

विकास आराखडा हा वाङ्मयाचा विषय नाही, असे आपण धरून चालतो. नकाशा नगररचनाकाराने काढावा, मंजुरी शासनाने द्यावी आणि समीक्षकाने आपली कविता-कादंबरी वाचावी, अशी ही वाटणी आहे. मला ती मान्य नाही. ज्या लेखनामुळे माणसाचे घर राहते किंवा जाते, ते लेखन कादंबरीइतक्याच बारकाईने वाचले पाहिजे. शिरड शहापूरसारख्या गावात राहून मी काही वर्षे शहरांचे आराखडे आणि त्यांच्या मार्गदर्शक सूचना केवळ मजकूर म्हणून वाचतो आहे. त्या वाचनात एकच प्रश्न माझ्यापुढे राहिला : हा मजकूर कोणाला उद्देशून लिहिला आहे?

सुरुवात शब्दांपासून करू. आमच्याकडे ‘डीपी’ म्हणजे विजेचे रोहित्र. डीपी जळाली की ऐन रब्बीत पाणी थांबते. शहरात ‘डीपी’ म्हणजे विकास आराखडा. तिथला दुसरा शब्द ‘आरक्षण’. शाळा, बाग, रस्ता यांसाठी जमीन राखून ठेवणे हा त्याचा नियोजनातला अर्थ. पण लोक म्हणतात, ‘जमिनीवर आरक्षण पडलं.’ मराठीत दुष्काळ पडतो, गारा पडतात, वीज पडते, धाड पडते. त्या ओळीत लोकांनी आरक्षणाला नेऊन बसवले. जे सर्वांच्या भल्यासाठी राखले, ते वरून कोसळल्यासारखे का वाटावे, याचे उत्तर या क्रियापदात आहे. आराखडा लोकांशी बोलत नाही, तो त्यांच्यावर पडतो.

कायद्याने बोलण्याची सोय ठेवली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. तरतूद चांगली आहे. पण नकाशा बोलतो तो रंगांच्या आणि सर्व्हे क्रमांकांच्या भाषेत. ज्याच्या नावे सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आहे, तो आपला क्रमांक शोधून हरकत लिहील. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे वाळूजला, चिकलठाण्याला कामासाठी गेली आणि भाड्याच्या खोलीत राहिली. खोलीला क्रमांक असतो, पण तो त्यांचा नसतो. ज्या शहरात ती वीस-वीस वर्षे राबली, त्याच्या आराखड्यात त्यांना उद्देशून एक वाक्य सापडत नाही.

२५ जून २०१५ रोजी ‘स्मार्ट सिटी’ अभियान सुरू झाले, तेव्हा हे बदलेल अशी आशा होती. देशातली १०० शहरे निवडायची होती. पुणे आणि सोलापूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत आले, औरंगाबाद त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. या अभियानाच्या मार्गदर्शक सूचना वाचण्यासारख्या आहेत. स्मार्ट सिटीची सर्वमान्य व्याख्या नाही, हे त्या आरंभीच सांगून टाकतात. हा प्रामाणिकपणा मला आवडला. पण व्याख्या मोकळी असली तरी आकडे पक्के होते. केंद्राकडून शहराला पाच वर्षांत ५०० कोटींपर्यंत मदत, कारभारासाठी स्वतंत्र कंपनी, आणि जुन्या वस्तीची सुधारणा करायची तर किमान ५०० एकरांचा निवडक भाग. ५०० एकर म्हणजे जेमतेम २ चौरस किलोमीटर. पुण्याने यासाठी औंध-बाणेर-बालेवाडी निवडले. शहराचा दुखरा भाग कोणता, हा प्रश्न मागे पडला आणि दाखवण्याजोगा भाग कोणता, हा पुढे आला.

लोकसहभागाचा आग्रहही त्या सूचनांत आहे. मात्र सहभागाची मोजदाद किती अभिप्राय आले यावर होते. कोण काय म्हणाले आणि त्यामुळे आराखड्यातली कोणती रेघ हलली, हे त्या मोजदादीत येत नाही. नवी मुंबईच्या महासभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वतंत्र कंपनीची अट नाकारली आणि ते शहर बाहेर पडले. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, पण या व्यवहारात कोणीतरी स्पष्ट ‘नाही’ म्हटल्याची ती ठळक जागा आहे.

आराखडा वेगळ्या रीतीने लिहिता येतो याचा दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो मराठी दरबाराच्या शहरातला आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याआधी, १९१८ मध्ये, होळकरांच्या इंदूरचा त्यांचा अहवाल दोन खंडांत निघाला. आधी गल्लीबोळ पायी फिरायचे, मग लिहायचे, ही त्यांची पद्धत. जुन्या मोहल्ल्यातून सरळ रुंद रस्ता काढण्याला त्यांचा विरोध होता. पडकी भिंत काढून थोडी मोकळी जागा करावी, विहीर आणि झाड राखावे, असा त्यांचा उपाय असे. इंदुरात प्लेगची धास्ती होती. गेडिसांनी दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले, की ज्या भागातली घरे-गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील, तिथून ती जाईल. लोक झाडझूड आणि डागडुजीला लागले. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची सोंगे होती आणि सफाई कामगार मानाने चालत होते. संस्थानिकाच्या हुकमावर चालणारे ते शहर होते, तिथे लोकशाही नव्हती. तरीही आराखड्याचा अर्थ माणसांना आपल्या दारात समजला.

याहून जुना नमुना मराठीतच आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ मुनिव्यासांच्या नावावर आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, त्या जागांची ही नोंद. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, शेजारी काय, हे ती पायी येणाऱ्याला सांगते. तिचा हेतू भक्तीचा आहे, नियोजनाचा नव्हे. पण जागेविषयी मराठीत किती नेमके लिहिता येते, याचा तो पुरावा आहे.

ती रीत मेलेली नाही. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायती आराखडा करतात. त्यातले काम बहुधा असे लिहिलेले असते : अमक्याच्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत सिमेंट रस्ता. शहरी तज्ज्ञाला हसू येईल. पण हे वाक्य गावातल्या कोणालाही समजते, आणि रस्ता मध्येच थांबला तर तोही कोणालाही दिसतो. दोष याही लेखनात आहेत. ‘अमका’ पुष्कळदा वजनदार असतो, आणि वस्तीच्या टोकाच्या घरापाशी वाक्य पोहोचतच नाही. शिवाय लाखोंच्या शहराची मलनिस्सारण व्यवस्था घरांच्या नावांवर आखता येणार नाही. तिथे उतार, व्यास, क्षमता यांचे गणित लागते आणि ते तज्ज्ञांनीच करावे.

माझे म्हणणे एवढेच, की गणितासोबत गद्यही हवे. प्रत्येक प्रभागाचे मराठीत वर्णन लिहा : आज इथे काय आहे, कोण राहते, भाडेकरू किती, पाणी किती दिवसांनी येते, उद्या कोणता रस्ता कोणाच्या दारावरून जाणार. ते प्रभागात उभ्याने वाचून दाखवा. ऐकणारा ‘हे माझे घर नाही’ म्हणाला, तर वाक्य दुरुस्त करा. ३० दिवसांच्या मुदतीला मग काही अर्थ येईल.

अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. यापुढेही नवी नावे घेऊन नवे आराखडे येतील, आणि ते आले की मराठी समीक्षेने ते वाचायला घ्यावेत. त्या मजकुरात भाड्याच्या खोलीतल्या माणसाला आपले घर सापडते का, हे आधी बघावे. शहर किती हुशार आहे, याची चर्चा त्यानंतर.