शेवट कुठे करायचा? : ‘रामायण’ मालिका, सफाई कामगारांचा संप आणि उत्तरकांड

३१ जुलै १९८८ या दिवशी, रविवारी, दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचा ७८वा आणि अखेरचा भाग दाखवला गेला. मालिका सुरू झाली होती २५ जानेवारी १९८७ला. मूळ परवानगी ५२ भागांची होती. मुदत वाढत वाढत ती ७८वर गेली. रावणवध झाला, राम अयोध्येला परतला, राज्याभिषेक झाला आणि मालिका संपली. निदान निर्मात्यांच्या हिशेबाने संपली.

प्रेक्षकांपैकी एका समाजाला मात्र हा शेवट मान्य नव्हता. मालिका संपत आल्याचे दिसू लागले तेव्हाच पंजाबात, जालंधरमध्ये सफाई कामगारांनी काम बंद केले. उत्तर भारतातल्या आणखी काही शहरांत हा संप पसरला. पगारवाढीची, बोनसची, हातमोज्यांची मागणी नव्हती. मागणी होती उत्तरकांडाची. कथा पुढे चालू ठेवा, वाल्मीकी ऋषी, सीता आणि लव-कुश दाखवा, असे त्यांचे म्हणणे होते. उन्हाळ्याचे दिवस, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग, रोगराईची भीती. सरकारला नमते घ्यावे लागले. त्यातून ‘लव कुश’ ही पुढची मालिका उभी राहिली. ती १९८९ सालापर्यंत ३९ भाग चालली.

लांबलेल्या मालिकेचा शेवट प्रेक्षकांना रुचत नाही, यात नवे काही नाही. अमेरिकेत ‘द सोप्रानोज’ १० जून २००७ला संपली, तेव्हा शेवटच्या क्षणी पडदा एकदम काळा झाला आणि आपली केबलच गेली असे कित्येकांना वाटले. त्या काळ्या पडद्याचा अर्थ काय, यावर अजून वाद चालतात. पण ते वाद अर्थाचे आहेत. शेवट बदलून मिळावा म्हणून झाडू खाली ठेवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

इंग्रजीत या संपाची नोंद ठळकपणे झाली. मार्क टली यांनी आपल्या ‘नो फुल स्टॉप्स इन इंडिया’मध्ये मालिकेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले; पॉला रिचमन यांनी संपादित केलेल्या ‘मेनी रामायणाज’ (१९९१) या ग्रंथातही या संपाला स्थान आहे. रिचमन यांचा रोख रामायणे अनेक आहेत हे सांगण्यावर होता आणि तो योग्यच होता. पुढे मात्र, उद्धृतांची उद्धृते होत गेली तशी, ही घटना मौजेचा किस्सा बनली. भाबडे प्रेक्षक, आवडती मालिका, म्हणून संप! मला हे वाचन मुळातच अपुरे वाटते. मी कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाही. नोकरी सांभाळून रामकथेच्या वाटा शोधत आलो आहे. त्या शोधात वारंवार जाणवले ते हे की, संपकऱ्यांची मागणी भाविकतेची तर होतीच, पण ती अतिशय नेमकी अशी साहित्यिक मागणीही होती.

मालिकेच्या श्रेयनामावलीत अनेक रामायणांची नावे येत: वाल्मीकी, तुलसीदास, कंबन, कृत्तिवास, आणि आपल्या एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही. पण मालिकेचा जीव होता तुलसीदासांच्या ‘मानसा’त. ‘मानसा’तही उत्तरकांड आहे, पण त्यात सीतात्याग नाही. रामराज्याचे वर्णन आहे, काकभुशुंडी आणि गरुड यांचा संवाद आहे. सीतेला दोन पुत्र झाल्याचा उल्लेख ओझरता येऊन जातो. म्हणजे राज्याभिषेकावर थांबणारी मालिका तुलसीदासांच्या वळणाने संपत होती. संस्कृत परंपरेतही या थांब्याला आधार आहे. वाल्मीकी रामायणात युद्धकांडाच्या अखेरीस फलश्रुती येते, आणि उत्तरकांड मागाहून जोडले गेले असे अनेक पंडित मानतात. तेव्हा निर्मात्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती.

पण या थांब्यात कोण गळतो ते पाहा. खुद्द वाल्मीकी! बालकांडाच्या आरंभी ते कवी म्हणून भेटतात: नारदाला प्रश्न विचारणारे, क्रौंचवधाने व्याकूळ होणारे. कथेतले पात्र म्हणून ते खरे उभे राहतात ते उत्तरकांडात. गरोदर सीतेला ते आश्रमात ठेवून घेतात, मुलांची नावे ठेवतात, त्यांना काव्य शिकवतात. आणि मग भर सभेत, रामासमोर, सीतेच्या शुद्धतेची ग्वाही देतात. ही जर दोषी असेल तर माझ्या हजारो वर्षांच्या तपाचे फळ मला न मिळो, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे आहे. राजाने टाकलेल्या बाईसाठी आपली सगळी पुंजी पणाला लावणारा हा ऋषी. जो समाज वाल्मीकींना आपला पूर्वज, आपला भगवान मानतो, त्याला दीड वर्षाच्या मालिकेत हे दृश्यच पाहायला मिळणार नसेल, तर त्याने काय पाहिले? ‘वाल्मीकी हवेत’ या मागणीचा अर्थ मला असा लागतो: तुलसीदासांच्या शेवटाऐवजी वाल्मीकींचा शेवट द्या. पाठचिकित्सेचा हा प्रश्न जालंधरच्या रस्त्यावर आला होता.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकून पुढे जाणे बरे नव्हे. जे उत्तरकांड वाल्मीकींना सभेत उभे करते, त्याच उत्तरकांडात शंबूकवध आहे. तप करणाऱ्या शूद्राचे शिर राम स्वतः उडवतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. सत्यशोधक आणि आंबेडकरी परंपरेत या कथेची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या झाली आहे. मग ज्यांच्या वाट्याला पिढीजात झाडू आला, त्यांनी नेमके हेच कांड मागावे, हे कसे? मला यात विसंगतीपेक्षा निवड दिसते. कथेतला कोणता माणूस आपला, हे त्यांनी ठरवले होते, आणि शंबूकाऐवजी कवीवर हक्क सांगितला होता. ही निवड सगळ्यांना पटणार नाही. मलाही ती पुरती पटते असे नाही. पण तिला भाबडेपणा म्हणण्याची माझी तयारी नाही.

मराठी माणसाला राज्याभिषेकावर थांबणारी रामकथा तशीही तोकडीच वाटली असावी. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. गदिमा आणि बाबूजींच्या त्या ५६ गीतांची सुरुवातच लव-कुशांच्या गायनाने होते, आणि शेवटी वाल्मीकी त्या मुलांना गायला पाठवतात. मधे सीतेचे डोहाळे आहेत, लक्ष्मणाने तिला वनात सोडणे आहे. हे ऐकत वाढलेल्या घरांत १९८८च्या त्या रविवारी काय झाले असेल? आमच्या चाळीत टीव्ही असलेल्या खोलीत वीस-पंचवीस माणसे दाटीने बसली होती. आरती झाली, पेढे वाटले गेले, आणि एक म्हाताऱ्या काकू उठता उठता म्हणाल्या, “संपलं कसं? अजून डोहाळे कुठं झाले?”

आपल्याकडे तर शेवट पुरा करणाऱ्याचीच एक कथा आहे. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापाशी थांबले. पुढचा भाग, उत्तरकांडासह, त्यांच्या शिष्याने, गावबाने पुरा केला असे परंपरा सांगते. हा गावबा म्हणजे नाथांच्या घरी पुरणपोळीच्या ओढीने राहिलेला, लोकांनी मंदबुद्धीचा ठरवलेला पोरगा. स्वयंपाकघराच्या आसऱ्याला असलेल्याने ग्रंथाचा शेवट लिहावा, ही कल्पना ज्या परंपरेने जपली, तिला जालंधरचा संप परका वाटू नये.

आणि बायकांनी तर कोणाच्या परवानगीची वाटच पाहिली नाही. जात्यावरच्या ओव्यांत राज्याभिषेकापेक्षा सीतेचा दुसरा वनवास कितीतरी ठसठशीत आहे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचे देऊळ आहे. त्यात राम नाही. मुलांसाठी मूठभर गहू मागणाऱ्या सीतेला गावाने नकार दिला, तेव्हा तिने इथे गहू पिकणार नाही असा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. शरद जोशींनी या देवळाच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला तो टाकलेल्या बायकांचा प्रश्न मनात धरून.

संपाने मिळवलेला शेवट कसा होता? ‘लव कुश’ मी अलीकडे पुन्हा सलग पाहिली. वाल्मीकींचा आश्रम तिच्या केंद्रस्थानी आहे, आणि संपकऱ्यांनी मागितले ते त्यांना मिळाले हे मान्य करावे लागते. कुशाच्या भूमिकेत लहानगा स्वप्नील जोशी आहे. पुढे मराठी चित्रपटाचा नायक झालेल्या या मुलाचे गाणे-बोलणे आजही गोड वाटते. पण सीतेच्या बाबतीत मालिकेने माघार घेतली. वाल्मीकी रामायणातली सीता फसवून वनात सोडली जाते; गंगेपलीकडे पोहोचेपर्यंत तिला काहीच ठाऊक नसते. मालिकेतली सीता रामाच्या कीर्तीसाठी स्वतःहून राजवाडा सोडते, आणि राम तिला अडवू पाहतो. अन्याय करणारा कोणी उरतच नाही. मग सभेतली वाल्मीकींची ग्वाही नेमकी कोणाविरुद्ध आहे, हे कळेनासे होते, आणि तिची धार जाते. संपाने दूरदर्शनला उत्तरकांड दाखवायला लावले. ते कसे दाखवावे हे ठरवणे मात्र संपकऱ्यांच्या हाती नव्हते.

२०२०च्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. रोज दोन वेळा भाग येत असल्याने एप्रिलच्या मध्यानंतर ते संपले आणि लगोलग ‘उत्तर रामायण’ या नावाने ‘लव कुश’ सुरू झाली. १९८८ साली मधे जी काही महिन्यांची फट होती, ती बुजली. नव्या प्रेक्षकांना ती एकच सलग मालिका वाटली. त्या आठवड्यांत आमच्या गल्लीत सकाळच्या भागाच्या वेळी दोनच माणसे दिसत: घंटागाडीवाला आणि त्याच्यामागून चालणारी झाडूवाली बाई. सगळ्या खिडक्यांतून मालिकेचे शीर्षकगीत ऐकू येत असे.