‘अतिभार’ : अर्थ आणि उपयोजन

पंढरपूर तालुक्यातील करकंबच्या परिसरात गळीत हंगाम सुरू झाला, की उसाच्या बैलगाड्या, ट्रॉल्या व ट्रक एकाच रस्त्याने जाऊ लागतात. मर्यादेबाहेर भरलेल्या वाहनास शासकीय मराठीत ‘अतिभारित’ म्हणतात. विजेच्या रोहित्रासही हेच विशेषण लावले जाते. शेतकरी मात्र रोहित्रास ‘डीपी’ म्हणतो व त्यावर ‘लोड आला’ असे सांगतो. हा भेद केवळ संस्कृत व इंग्रजी शब्दांच्या निवडीचा मानणे वरवरचे होईल.

‘भार’ हा शब्द मापवाचकही आहे. जुन्या परिभाषेत शंभर पलांची एक तुला व वीस तुलांचा एक भार. ‘ओझे’ या शब्दास असे माप नाही. ते वाहणाऱ्याच्या खांद्यावरून ठरते. हमालास जे सहज, तेच लहान मुलास ओझे होते. ‘बोजा’ची गोष्ट निराळी. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर ‘चढतो’ व फेडीनंतर ‘उतरतो’; जमीन जणू पाठीवर गोणी घेतलेले जनावरच!

मग ‘अतिभार’ यातील ‘अति’ कोणाच्या मानाने? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ ही संज्ञा येते. तेथे प्रमाण आहे ते वाहणाऱ्या जिवाच्या शक्तीचे. पण या संज्ञेचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. ‘आरोपण’ ही कृती आहे, आणि कृती म्हटली की कर्ता आलाच. ‘अतिभारित’ हे विशेषण वाहनाची अवस्था सांगून थांबते. तो भार घातला कोणी, याविषयी मौन पाळते.

कायद्याने हा कर्ता गमावलेला नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात जनावरावर जादा ओझे घालणे ही क्रूरतेचीच कृती गणली आहे. 1965 च्या नियमांनी पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा गाढवास 50 व उंटास 250 किलो ठरविली. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचे 194 वे कलम वाहन चालविणाऱ्यासच नव्हे, तर ते चालवावयास लावणाऱ्यास व चालवू देणाऱ्यासही गाठते. कर्ता हरवतो तो फलकाच्या व वृत्ताच्या मराठीत.

वजनकाट्याच्या आकड्यानेही सारे कळत नाही. ओझे मागे गेले की गाडी ‘उलार’ होते, पुढे आले की जू बैलाच्या मानेवर दाबते. काट्यावरचा आकडा दोन्ही वेळी तोच असतो. गाडीवानाची भाषा येथे शासकीय परिभाषेहून सूक्ष्म आहे, हे परिभाषाकारांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही.

वस्तुतः मराठीत ‘लादणे’ हे क्रियापद सिद्धच आहे. ‘निर्णय लादला’ म्हणताना आपण लादणाऱ्याकडेच बोट दाखवितो. ‘अतिभारित वाहनांस बंदी’ याऐवजी ‘वाहनात अतिभार लादणाऱ्यास दंड’ असे लिहिल्यास अर्थ कायद्याच्या अधिक जवळ जाईल, आणि वाचणाऱ्याची नजर चाकांवरून ट्रॉली भरून देणाऱ्याकडे वळेल.