सावड आणि नाणं : ब्रॅम कोहेन यांची वाटचाल

हिंजवडीत यश पॅकेजवरून मोजतात. आपण आज एका प्रोग्रॅमरला त्याच्या विचारावरून मोजू.

ब्रॅम कोहेन आधी ‘मोजो नेशन’ या फाइल वाटण्याच्या प्रकल्पात होते. तिथे आपला वेग, जागा इतरांना वापरू दिली की आभासी नाणं मिळे. ते सोडून २००१ मध्ये त्यांनी बिटटोरंट आणलं आणि त्यातून नाणंच वगळलं. फाइलचे तुकडे करायचे. जो आपल्याला देतो, त्याला आपण द्यायचं. शेतकऱ्यांची सावडच की ही!

पण आम्हाला खरी गोम पुढे दिसते. नवख्याकडे द्यायला काहीच नसतं. म्हणून प्रत्येक संगणक एका सोबत्याला परतफेड न बघता तुकडे देतो आणि दर ३० सेकंदांनी तो सोबती बदलतो. म्हणजे बघा, चोख देवघेवीच्या मुळाशी विनाअट दान आहे.

उणीव होतीच. फाइल पुरी झाली की माणूस चालता होतो. थांबून देणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

२०१७ मध्ये कोहेन यांनी ‘चिया’ कंपनी काढली, ती मात्र नाण्यासाठी. हार्ड डिस्कवरची जागा राखा, नाणं मिळवा. बिटकॉइनइतकी वीज जळू नये, हा हेतू चांगलाच. पण २०२१ मध्ये जाळं सुरू होतानाच २ कोटी १० लाख नाणी कंपनीकडे राहिली. सावडीत मुकादमाचा वाटा नव्हता. इथे तो पहिल्याच दिवशी आला.

नाणं अनोळखी माणसाचं देणं लक्षात ठेवतं, हे आम्ही नाकारत नाही. पण रिकाम्या हाताने आलेल्याला पहिला तुकडा कोण देणार? याचं उत्तर कोहेन यांनी बिटटोरंटमध्येच लिहून ठेवलं होतं.