शिकारकथेतील काडतुसांचा हिशेब : कॉर्बेट, ऑरवेल आणि जुन्या रायफली

प्रास्ताविक

शिकारकथांचा विचार सहसा साहस, निसर्गवर्णन किंवा साम्राज्यवाद यांपैकी एखाद्या अंगाने केला जातो. जॉन मॅकेन्झी यांच्या 'द एम्पायर ऑफ नेचर' (१९८८) या ग्रंथानंतर तिसऱ्या अंगाला विशेष महत्त्व आले आणि ते योग्यच होते. परंतु या तिन्ही प्रकारच्या वाचनांत एक गोष्ट समान आढळते. शिकारकथेत वारंवार येणारे बंदुकीच्या मापाचे आकडे, म्हणजे .२७५, .४५०/४००, .५००, .४०५ हे, वाचक आणि समीक्षक दोघेही ओलांडून पुढे जातात. हा तपशील शस्त्रांच्या हौशी मंडळींसाठी आहे, साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे काय, अशी त्यामागील धारणा असावी. प्रस्तुत लेखात या धारणेला आक्षेप घेतला आहे. कोणती रायफल, तिचे काडतूस कोठून येते, किती मिळते आणि संपल्यावर काय होते, या प्रश्नांवर शिकारकथेच्या निवेदनाची विश्वासार्हता बऱ्याच अंशी अवलंबून असते. निवेदक काय पाहतो आणि काय पाहण्याचे टाळतो हेही तेथेच कळते.

दुर्मीळता कोणी निर्माण केली?

जुन्या रायफलींची मापे आज विलक्षण वाटतात. .४७०, .४६५, .४७६ अशी एकमेकांना खेटून बसलेली इतकी मापे कशासाठी असावीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर बंदूक बनवणाऱ्यांच्या लहरीत शोधण्याचे कारण नाही. ब्रिटिश सैन्याची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .४५० इंच मापाची होती आणि अशा अनेक रायफली सरकारविरोधी लोकांच्या हाती गेलेल्या होत्या. शिकारीसाठी आयात होणारी त्याच मापाची गोळी त्यांना उपयोगी पडेल या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. सुदानलाही हाच नियम लागू झाला. हिंदुस्थान ही लंडनच्या बंदूककारांची मोठी बाजारपेठ होती. ती हातची जाऊ नये म्हणून जोसेफ लँग, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, जेफ्री आदी पेढ्यांनी .४५० च्या जरा वर सरकणारी नवी मापे बाजारात आणली. पुढे लष्करी .३०३ चे काडतूसही सामान्य परवानाधारकाला मिळेनासे झाले, तेव्हा जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसावरून घेतलेले .३१५ हे माप हिंदुस्थानी बाजारात रुळले. स्वातंत्र्यानंतर भारतीय आयुध निर्माणींनी हेच माप चालू ठेवले, आणि जगात इतरत्र जवळपास विस्मृतीत गेलेले ते काडतूस आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत राहिले.

याचा अर्थ असा की 'दुर्मीळ माप' ही वस्तू कायद्याच्या आणि बाजाराच्या पोटातून जन्मलेली आहे. शिकारकथा मात्र तिला शिकाऱ्याची आवड किंवा त्याची ओळख म्हणून सादर करते.

तीन काडतुसे

जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' (१९४४) मधील चंपावतच्या वाघिणीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. नेपाळात सुमारे २०० आणि कुमाऊंत त्याहून थोडी अधिक अशी एकंदर ४३६ माणसे मारल्याची नोंद असलेली ही वाघीण कॉर्बेटने १९०७ मध्ये टिपली. या वेळी त्याच्या हाती .५०० मापाची रायफल होती. ती 'मॉडिफाइड कॉर्डाइट' काडतुसे वापरणारी होती, असे तो सांगतो. या एका शब्दप्रयोगात एका संक्रमणाचा इतिहास दडलेला आहे. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळ्यांना नव्या धूररहित दारूचा पूर्ण दाब सोसत नसे. म्हणून कॉर्डाइटचे प्रमाण बेताचे ठेवून खास काडतुसे भरली जात. हे काडतूस कोणत्याही छावणीत उसने मिळणारे नव्हते.

हाक्याच्या दिवशी कॉर्बेटने बरोबर केवळ तीन काडतुसे घेतली होती. दोनच बार टाकण्याची संधी मिळेल आणि तिसरे अडीअडचणीला राहील, असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब चुकतो. पहिली गोळी निसटत्या वाघिणीमागे जवळजवळ हताशपणे सुटते, पुढच्या दोन्ही लागतात, वाघीण उभीच राहते आणि रायफल रिकामी होते. नरभक्षकासमोर नि:शस्त्र झालेला शिकारी डोंगरावर धावत जातो, तहसीलदाराच्या हातची बंदूक घेतो आणि परत खाली येतो. त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये इंचाच्या तीन-अष्टमांश इतकी फट आहे. बार उडवताच ज्वाला मागे येऊन डोळे जाण्याची शक्यता आहे. वाघिणीच्या उघड्या तोंडावर धरलेला नेम चुकून गोळी पुढच्या पंजाला लागते. ती कोसळते, पण आधीच्या जखमांनी.

साहसकथेच्या संकेतांनुसार हा शेवट फारच कच्चा ठरावा. निर्णायक क्षणी नायकाकडे दारूगोळा नाही, हाती परक्याची खिळखिळी बंदूक आहे आणि त्याचा अखेरचा नेम चुकलेला आहे. तरीही कॉर्बेट यातले काहीच लपवत नाही. काडतुसे मोजून सांगणारा निवेदक चुकलेली गोळीही मोजतो. त्याच्या गद्याला जो संयत सूर आहे, त्याचे श्रेय अनेकदा त्याच्या स्वभावातील विनयाला दिले जाते. ते खोटे नव्हे. परंतु विनयाआधी हिशेब येतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या सवयीचे मूळ 'जंगल लोअर' (१९५३) मध्ये सापडते. लहानपणी स्टीफन डीझ या पक्षी-अभ्यासकाने त्याला ठासणीची दुनळी बंदूक दिली, तिची एक नळी फुटलेली होती. पुढे नैनितालच्या स्वयंसेवक कॅडेट पथकात सार्जंट-मेजरने त्याला .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. दोनच अटी होत्या. रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकाम्या पुंगळ्या परत करायच्या. कॉर्बेट हा प्रसंग कृतज्ञतेने सांगतो. वाचकाने मात्र येथे किंचित थांबावे. ज्या मापाचे काडतूस पुढे सरकारने हिंदुस्थानात येऊच दिले नाही, तेच माप एका गोऱ्या मुलाच्या हाती विश्वासाने दिले जाते आणि त्याच वेळी प्रत्येक पुंगळी मोजून परत घेतली जाते. लेखकाची शिस्त आणि साम्राज्याची धास्ती या दोन्ही गोष्टी त्या पुंगळ्यांत आहेत.

हलकी रायफल आणि रातव्याची अंडी

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्यूवेट यांनी कॉर्बेटला रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तीवर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. कथेच्या शेवटी कॉर्बेट नैनितालच्या दरबारात तहसीलदाराला बंदूक आणि आपल्या एका साथीदाराला शिकारी चाकू मिळाल्याचे नोंदवतो. स्वत:ला मिळालेल्या रायफलीविषयी तेथे तो बोलत नाही.

.२७५ रिग्बी हे नाव इंग्रजी असले तरी काडतूस जर्मन आहे. पॉल माउझरने १८९० च्या दशकारंभी तयार केलेले सात मिलिमीटरचे काडतूस इंग्लंडमध्ये इंचांच्या मापाने नव्याने नामकरण होऊन विकले गेले. १८९९ ते १९०२ च्या युद्धात याच काडतुसाने बोअर सैनिकांनी ब्रिटिशांना जेरीस आणले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेच काडतूस ब्रिटिश राज्यपालाच्या हस्ते सन्मान म्हणून दिले जावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

चौगढच्या वाघिणीचा शेवट (१९३०) या रायफलीशी बांधलेला आहे. कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची अंडी आहेत, उजव्या हातात रायफल. खडकाला वळसा घालताच वाघीण अगदी जवळ, त्याच्याकडे पाहत बसलेली दिसते. तो एका हाताने रायफल अत्यंत सावकाश फिरवतो आणि चाप ओढतो. या प्रसंगानंतर कॉर्बेट आपल्या यशाची कारणे देतो : हातातली अंडी, रायफलीचा हलकेपणा आणि वाघीण नरभक्षक असणे. अंडी नसती तर दोन्ही हातांनी झटकन रायफल उचलण्याचा मोह झाला असता, आणि रायफल जड असती तर ती एका हाताने फिरलीच नसती. पौरुषाच्या गौरवगाथेत असे कारणमीमांसेचे गद्य क्वचित सापडते. येथे पराक्रमाचे श्रेय पक्ष्याची अंडी आणि पौंडांतले वजन यांच्यात वाटून दिले आहे. त्याची दुसरी रायफल, .४५०/४०० ची दुनळी, याच प्रसंगी निरुपयोगी ठरली असती. ठाकच्या वाघिणीवर (१९३८) अंधार पडता पडता बार टाकताना मात्र तीच त्याच्या हाती होती.

पाच काडतुसे

या पार्श्वभूमीवर जॉर्ज ऑरवेलच्या 'शूटिंग अॅन एलिफंट' (१९३६) या निबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ब्रह्मदेशातील मोलमेन येथे पोलीस अधिकारी असलेला निवेदक जुनी .४४ विंचेस्टर घेऊन निघतो. हत्तीला मारण्यास ती फारच अपुरी आहे हे त्याला ठाऊक आहे, केवळ आवाजाचा उपयोग होईल म्हणून ती घेतलेली. नंतर तो हत्तीची रायफल उसनी मागवतो, ती पाच काडतुसांसह येते. रायफल आल्यामुळेच गर्दी जमते आणि गर्दीमुळे हत्ती मारावा लागतो. हत्तीच्या डोक्यात नेमका कोठे नेम धरायचा हेही निवेदकाला माहीत नाही. पाचही काडतुसे संपतात, मग तो पुन्हा .४४ मागवून गोळ्यांमागून गोळ्या झाडतो, आणि हत्ती अर्धा तास मरत राहतो.

ऑरवेलचा हा प्रसंग शब्दश: घडला की नाही यावर वाद आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो गौण ठरतो. महत्त्वाचे हे की दोन्ही लेखक काडतुसांची संख्या सांगतात आणि दोघांचीही काडतुसे संपतात. कॉर्बेटच्या बाबतीत संपलेले काडतूस कौशल्याची मर्यादा दाखवते. ऑरवेलच्या बाबतीत ते सत्तेचे पोकळपण उघडे करते. कॉर्बेटची बंदूक त्याची स्वत:ची, ऑरवेलची उसनी. आणि उसनी बंदूक धरणाऱ्याला ती गर्दीसाठी चालवावी लागते, हे ऑरवेलइतके स्पष्ट दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही. राजकीय दृष्टीच्या बाबतीत ऑरवेल निर्विवाद पुढे आहे. प्राण्याच्या देहाविषयीचे ज्ञान मात्र कॉर्बेटकडे आहे, आणि त्या ज्ञानामुळे त्याची वाघीण अर्धा तास तडफडत नाही. वासाहतिक शिकारी म्हणून दोघांना एकाच मापाने मोजणारी समीक्षा हा फरक गमावते.

डब्ल्यू. डी. एम. बेल याचे उदाहरण मध्येच नोंदवण्याजोगे आहे. याच सात मिलिमीटरच्या हलक्या काडतुसाने त्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले, तेही हत्तीच्या कवटीचा अभ्यास करून. ज्ञान आणि करुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून निश्चित समजते.

हिशेबाबाहेरची बंदूक

कॉर्बेटच्या हिशेबाला एक सीमा आहे. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले होते. ते बंदुकीच्या जुन्या गोळीने तुटले असून त्यामुळेच नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले, असा निष्कर्ष कॉर्बेट स्वत:च देतो. ती गोळी कोणाची होती? कोणत्या मापाची? कथेत एवढ्यावर विषय संपतो. ४३६ मृत्यूंच्या मुळाशी असलेली बंदूक निनावी राहते आणि त्या मृत्यूंना आळा घालणाऱ्या शिकाऱ्याला चांदीची पट्टी असलेली रायफल मिळते.

येथे १८७८ चा शस्त्रकायदा आठवावा लागतो. या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे अशक्य केले, युरोपीयांना मात्र आरंभी त्यातून सूट होती. डोंगरी गावांत उरल्या त्या मोजक्या, बहुधा ठासणीच्या, जुन्या बंदुका. जंगलातले जखमी जनावर अशा बंदुकांच्या वाट्याला अधिक जाणार हे उघड आहे. कॉर्बेटला गावकऱ्यांविषयी वाटणारी आत्मीयता अस्सल आहे, त्याच्या प्रत्येक पानावर ती दिसते. पण गावकऱ्याच्या हाती चांगली बंदूक का नाही, हा प्रश्न तो विचारत नाही. स्वत:च्या तीन काडतुसांबाबत इतका काटेकोर असलेला निवेदक काडतुसांच्या वाटपाबाबत गप्प आहे. ही त्याच्या गद्यातील खरी उणीव होय. 'शिकारी असूनही निसर्गप्रेमी' अशी जी विसंगती त्याच्यात शोधली जाते, ती या मानाने वरवरची आहे.

दुर्मीळतेचा अलंकार

१९६० च्या दशकात कायनॉक या ब्रिटिश कारखान्याने मोठ्या शिकारी काडतुसांचे उत्पादन आटोपते घेतले आणि शेकडो रायफली मुक्या झाल्या. दुनळी रायफलीची अडचण विशेष. तिच्या दोन नळ्या एका ठरावीक काडतुसाच्या दारूला व गोळीच्या वजनाला अनुसरून अशा जुळवलेल्या असतात की दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी लागाव्यात. काडतूस बदलले की त्या दोन वाटांना जातात. केनेथ अँडरसनच्या दक्षिण भारतातील शिकारकथांत सतत भेटणारी .४०५ विंचेस्टर ही १८९५ च्या नमुन्याची रायफल होती. त्याचे पहिले पुस्तक १९५४ मध्ये आले, तेव्हा ती बनणे बंद होऊन बराच काळ लोटला होता.

पुढे काही कारखान्यांनी ही मापे पुन्हा काढली आणि हौशी शिकारी घरीच पितळी पुंगळ्यांना आकार देऊन काडतुसे भरू लागले. आफ्रिकेत व पश्चिमेत जुन्या रायफलीने शिकार करण्याची जी आवड आज दिसते, तिच्यातून उपजलेले गद्य कॉर्बेटला आपला पूर्वज मानते. हा वारसा पूर्णपणे खरा मानता येत नाही. त्या गद्यात काडतूस न मिळणे हाच आनंदाचा विषय असतो. मापाचा आकडा घराण्याच्या नावासारखा उच्चारला जातो. कॉर्बेटला काडतूस कमी असणे हा धोका वाटत होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे येथील वाचकाला ही अलंकारिक दुर्मीळता केवळ पुस्तकातच भेटते.

कॉर्बेटच्या मृत्यूनंतर त्याची .२७५ रायफल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, म्हणजे त्याच्या प्रकाशकाकडे गेली आणि अनेक दशके तेथेच राहिली. २०१५ मध्ये ती रिग्बी कंपनीने परत मिळवली. तिच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद उपलब्ध आहे. दरबारात तहसीलदाराला मिळालेल्या बंदुकीचे पुढे काय झाले, याविषयी त्या पुस्तकात एक वाक्यही नाही.