प्राणिअलंकरण, ईजिप्शियन लाकडी फर्निचरवरील

प्राचीन ईजिप्तमधील खुर्च्या, पलंग व बैठी आसने यांवरील प्राण्यांच्या आकृती बहुधा वरून जोडलेल्या नसून वस्तूच्या रचनेचाच भाग असतात. त्यांचे कलामूल्य ठरविताना हीच कसोटी लावणे इष्ट होय. आरंभीच्या राजवंशांच्या काळात (इ. स. पू. सु. ३०००) पायांना बैलाच्या पायांचा आकार देत, पुढे सिंहाचे पाय रूढ झाले. पुढचे पाय पुढच्या व मागचे पाय मागच्या पायांप्रमाणे कोरून चारही पंजे एकाच दिशेस वळविलेले असल्याने आसन म्हणजे जणू उभा प्राणीच वाटतो. पंजाखाली वळ्या कोरलेला छोटा गोल ठोकळा असे.

बाभूळ, झाऊ व उंबराच्या कुळातील सिकॅमोर या स्थानिक लाकडांच्या जोडीला लेबाननचा सीडार व दक्षिणेकडील एबनी आणवीत. राणी हेटेफेरेस हिच्या गीझा येथील कबरीतील (शोध १९२५) लाकूड कुजून गेले होते. सिंहपाद खुर्चीचे आज दिसणारे रूप सोन्याच्या पत्र्यांवरून सिद्ध केलेले आहे, हे तिची प्रमाणबद्धता वाखाणताना विसरता कामा नये.

तूतांखामेनच्या कबरीतील (शोध १९२२) सुवर्णसिंहासनात सिंहमुखे, सिंहपाद व हातांच्या जागी पंख पसरलेले नाग एकत्र आले आहेत. कारागिरी अपूर्व, पण सोने, चांदी व रंगीत काच यांच्या दाटीत लाकडाचा घाट हरवतो. तेथीलच तीन विधिशय्यांत प्राण्यांची लांबट शरीरे शय्येच्या बाजू बनतात: सिंहिणी, गायी आणि पाणघोडा व मगर यांच्या मिश्रणातून झालेली एक भेसूर आकृती. येथे प्रतीकाचे सामर्थ्य सौंदर्यावर मात करते.

याउलट घडीच्या आसनांत अलंकरणाला काम मिळते. त्यांच्या पायांची टोके म्हणजे बदकांची डोकी असून ती जमिनीलगतचा आडवा दांडा चोचीत धरतात. सांधा जेथे दुबळा असावयाचा, तेथेच डोळा स्थिरावतो. अशी आसने केवळ राजांचीच नव्हती. देर अल्-मदीना येथील बांधकाम-अधिकारी खा याच्या कबरीतील (शोध १९०६) फर्निचर सध्या तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्यातील उंच पाठीच्या खुर्चीलाही सिंहपाद आहेत. जडावकाम मात्र रंगाने भासविलेले आहे.