कानटोपी आणि ठिगळांची चड्डी : ‘एल चावो’च्या वेशाचं रसग्रहण

२०१४ सालच्या ३० नोव्हेंबरला मेक्सिको सिटीतलं आस्तेका स्टेडियम माणसांनी भरलं होतं, पण त्या दिवशी तिथे फुटबॉलचा सामना नव्हता. दोन दिवसांपूर्वी कानकूनला वयाच्या ८५व्या वर्षी वारलेल्या रोबेर्तो गोमेस बोलान्योस या लेखक-नटाला निरोप द्यायला ही गर्दी लोटली होती. त्या गर्दीत कितीतरी जण, त्यात कडेवरची पोरंसुद्धा, कानांवर पाळ्या लोंबणारी टोपी, ठिगळं लावलेली अर्धी चड्डी आणि खांद्यांवरून घेतलेले पट्टे अशा वेशात आले होते. काहींनी छातीवर पिवळं हृदय असलेला लाल पोशाख चढवून डोक्याला किड्यासारख्या दोन मिशा लावल्या होत्या. पहिला वेश ‘एल चावो’ या अनाथ पोराचा आणि दुसरा ‘चापुलीन कोलोरादो’ या भित्र्या, धडपड्या वीराचा. दोन्ही भूमिका बोलान्योस यांनीच लिहिल्या आणि स्वतःच केल्या.

निरोपाला जाताना माणसं त्या नटाच्या पात्राचे कपडे अंगावर घालून जातात, तेव्हा त्या कपड्यांत काहीतरी मोठं असलं पाहिजे. ‘एल चावो देल ओचो’ ही मालिका जितक्या वेळा पाहावी तितकं माझं मत पक्कं होतं, की तिची निम्मी पटकथा वेशभूषेत आहे. कोण कोणत्या घरातून आला, कोणाचं काय गेलं आणि कोण कशाच्या आशेवर आहे, हे तिथले कपडे सांगतात. शिवाय ते कपडे कुठल्याही साध्या घरातल्या पेटीत सापडतील असे आहेत. म्हणूनच चाहत्यांना ते इतक्या सहज आपलेसे करता आले.

बोलान्योस यांना सगळा स्पॅनिशभाषक मुलूख ‘चेस्पिरीतो’, म्हणजे छोटा शेक्सपिअर, या नावाने ओळखतो. हे नाव त्यांना आगुस्तीन देलगादो या दिग्दर्शकाने दिलं. चावोचं पात्र १९७१च्या सुमारास त्यांच्या कार्यक्रमातल्या एका छोट्या प्रहसनातून आलं, १९७३ पासून त्याची स्वतंत्र अर्ध्या तासाची मालिका झाली आणि ती १९८० पर्यंत चालली. पुढेही ‘चेस्पिरीतो’ कार्यक्रमाचा भाग म्हणून हे पात्र बरीच वर्षं दिसत राहिलं. पहिल्यांदा ही टोपी घातली तेव्हा बोलान्योस चाळिशी ओलांडलेले होते आणि पात्र होतं आठ वर्षांचं. मालिकेतली सगळीच मुलं मोठ्या नटांनी केली आहेत.

गोष्ट घडते ती एका ‘वेसिंदाद’मध्ये. मध्ये चौक, भोवती एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, कपडे धुवायची सामायिक जागा, वाळत घातलेले कपडे आणि भाडं मागायला येणारा मालक. वाड्यात किंवा चाळीत राहिलेल्या मराठी माणसाला याहून जास्त ओळख करून द्यायला नको. कोण कोणाशी बोलत नाही आणि कोणाकडे कोण येतं, हे चौकात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. याच चौकात एक लाकडी पिंप आहे. चावो राहतो म्हणे आठ नंबरच्या बिऱ्हाडात, पण प्रेक्षकाला ते बिऱ्हाड कधीच दिसत नाही. दिसतं ते पिंप. रडू आलं, भीती वाटली, अपमान झाला की पोरगं त्यात शिरतं.

आता त्याचे कपडे जवळून पाहू. टोपी हिरवट चौकड्यांची, थंडीत कान झाकायची. खाली मात्र अर्धी चड्डी, उन्हाळ्यात घालावी तशी. सदरा विटलेला. बूट पायाला मोठे. यातलं काहीही त्याच्यासाठी घेतलेलं नाही, हे पहिल्या नजरेत कळतं. जे मिळालं ते अंगावर चढलं. ज्याच्याकडे कपड्यांचा एकच जोड असतो, त्याच्या अंगावर सगळे ऋतू एकदम असतात. दुसऱ्या एखाद्या लेखकाने हे दुःख संवादातून सांगितलं असतं. बोलान्योस ते टोपी आणि चड्डीच्या विसंगतीत ठेवून मोकळे होतात आणि त्या विसंगतीचंच आपल्याला हसू येतं. चावोची भूकही अशीच येता-जाता दिसते. हॅम घातलेल्या पावाचं नाव निघालं की त्याचा चेहरा फुलतो. बोलण्यात जोर आला की तर्जनी वरखाली हलवत तो होकार भरतो. रडताना एकाच सुरात बारीक आवाज काढतो. चाळिशीतल्या माणसाने आठ वर्षांचं पोर इतक्या खरेपणाने उभं करावं, हे पाहताना वयाचा विचार दोन मिनिटांत मागे पडतो.

कार्लोस व्हियाग्रान यांचा ‘कीको’ याच्या अगदी उलट. गाल फुगवलेले, नवी खेळणी नेहमी हातात आणि अंगावर खलाशाचा पोशाख. सुखवस्तू घरातल्या लाडावलेल्या पोराला असा पोशाख घालायची पद्धत होती, त्यामुळे तो आधी श्रीमंतीचा आव वाटतो. पुढे कळतं, की कीकोचे वडील जहाजावरचे अधिकारी होते आणि समुद्रातच गेले. ते समजल्यावर तोच पोशाख वेगळा दिसू लागतो. हा पोरगा रोज आपल्या वडिलांचा वेश करून चौकात खेळायला येतो. मालिका या गोष्टीवर कधी थांबत नाही, कोणी त्यावर भाषण करत नाही. एकदा लक्षात आलं की मात्र कीकोच्या फुशारकीचा राग येईनासा होतो.

त्याची आई दोन्या फ्लोरिंदा. फ्लोरिंदा मेसा यांनी ती कडक, मानी आणि मनातून एकटी अशी केली आहे. तिच्या केसांत सदैव कुरळे करायचे रोलर्स आणि कमरेला एप्रन. केस कुरळे करून ठेवायचे ते कुठल्यातरी खास प्रसंगासाठी, आणि तो प्रसंग काही येत नाही. मग उंचेपुरे प्रोफेसर हिराफालेस गुलाबांचा गुच्छ घेऊन चौकात येतात. रुबेन आगिर्रे यांची ही भूमिका. ‘गॉन विथ द विंड’ची धून वाजते, दोघं एकमेकांकडे बघत राहतात, ती त्यांना कॉफीला आत बोलावते. शेकडो वेळा हेच घडतं. रोलर्स केसांतच असतात आणि त्या क्षणी ते तिच्या ध्यानातही नसतात. विधवेला पुन्हा प्रेम करायचा हक्क आहे, हे घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या मालिकेने सत्तरच्या दशकात इतक्या हळुवारपणे दाखवलं, याचं मला फार मोल वाटतं.

आणि दोन रामोन (हे ‘दोन’ संख्या नव्हे, स्पॅनिशमधलं ‘श्रीयुत’). काळा टी-शर्ट, जीन्स, विटकी टोपी. चौदा महिन्यांचं भाडं थकलेलं, आणि वर्षानुवर्षं ते चौदाच महिने. कधी हा माणूस लोकांचे केस कापतो, कधी जोडे दुरुस्त करतो, कधी सुतारकी. धंदा बदलतो, कपडे तेच. दुसरे आहेतच कुठे? रामोन वाल्देस यांच्या किडकिडीत अंगावर ते कपडे नटाचे वाटतच नाहीत, त्यांनी घरून घालून आणल्यासारखे वाटतात. दोन रामोनची मुलगी चिलिंद्रिना, म्हणजे मारिया आंतोनिएता दे लास निएव्हेस. मोठा चष्मा, गालावर ठिपके, अंगावर पिळवटलेला स्वेटर आणि दोन बाजूंना खालीवर बांधलेले केस. त्या घरात आई नाही. केस विंचरणारा बाप आहे, आणि त्याला जमतील तसे ते बांधलेले आहेत.

या सगळ्यांना बांधणारा एक ठरलेला खेळ आहे. मुलांच्या भांडणात कीको रडतो आणि आईला हाक मारतो. ती येते, काही न विचारता दोन रामोनच्या थोबाडीत मारते आणि मुलाला घेऊन ताठ मानेने आत जाते. दोन रामोन संतापाने डोक्यावरची टोपी काढतो, जमिनीवर आपटतो, तिच्यावर थयथयाट करतो. तेवढ्यात चावो काहीतरी निरागस विचारतो आणि त्याच्या डोक्यात टपली बसते. चावो पिंपात. या अर्ध्या मिनिटात अपमान पायरी-पायरीने खाली उतरतो आणि ज्याच्या खाली कोणी नाही तिथे थांबतो. टोपीवरचा तो राग नीट पाहा. बाईवर हात उचलायचा नाही, हे दोन रामोनला पक्कं ठाऊक आहे, म्हणून सगळा संताप टोपी सोसते. वाल्देस यांचं टायमिंग इतकं नेमकं आहे, की टोपी पडल्याबरोबर हसू फुटतं.

या मालिकेवर टीकाही झाली आहे. मुलाला टपल्या मारणं, गरिबीवर हशा पिकवणं, जाड माणसाच्या पोटावरून चेष्टा, हे आज खुपतं आणि खुपायलाच हवं. टपलीचा विनोद आज कोणी नव्याने लिहू नये. पण मालिकेची नजर कोणाच्या बाजूने आहे, हे विसरून चालणार नाही. त्यासाठी वेसिंदादमध्ये चोऱ्या होतात ती गोष्ट पाहावी. वस्तू नाहीशा होतात, आळ चावोवर येतो, शेजारी त्याला चोर म्हणतात. तो काठीला बोचकं बांधतो आणि निघून जातो. त्या छोट्या बोचक्याकडे पाहून कळतं, की अंगावरच्या कपड्यांखेरीज या पोराचं एवढंच. पुढे तो परत येतो आणि चर्चमध्ये जाऊन आल्याचं सांगतो. आपल्यावरचा आळ जावा किंवा चोर सापडावा, असं त्याने देवाकडे मागितलेलं नसतं. चोराला पश्चात्ताप व्हावा आणि तो चांगला माणूस व्हावा, एवढंच मागितलेलं असतं. खरा चोर तिथे उभा राहून ते ऐकत असतो. हसवण्यासाठी लिहिलेल्या मालिकेत असा क्षण आणायला लेखकाची माणसांवर श्रद्धा लागते.

चाहत्यांनी या मालिकेवर जे प्रेम केलं ते देशांच्या सीमा ओलांडून. १९७७ साली ही मंडळी चिलीत गेली तेव्हा सांतियागोचं राष्ट्रीय स्टेडियम भरलं. ब्राझीलमध्ये १९८४ पासून पोर्तुगीज आवाजात ‘शावेस’ सुरू झाली आणि पुनःप्रक्षेपणांवर पिढ्या वाढल्या. तिथे दोन रामोनला ‘सेउ मादरूगा’ म्हणतात. त्याचा चेहरा छापलेले टी-शर्ट तिथली तरुण मुलं हौसेने घालतात. भाडं न भरलेला, सतत मार खाणारा, तरी पोरीला एकट्याने वाढवणारा हा माणूस त्यांना आपल्या घरातला वाटतो.

कागदोपत्री मात्र ही पात्रं कोणाची, यावर बरंच भांडण झालं. व्हियाग्रान १९७८ साली बाहेर पडले आणि कीको दुसरीकडे करताना त्यांना नावाचं स्पेलिंग बदलावं लागलं. चिलिंद्रिनाच्या हक्कांवरून बोलान्योस आणि दे लास निएव्हेस यांच्यात बेबनाव झाला, त्यामुळे २००६च्या ॲनिमेशन मालिकेत चिलिंद्रिना नाहीच. २०२० साली हक्कांच्या वादातून मूळ मालिका जगभरच्या वाहिन्यांवरून उतरली आणि २०२४ मध्ये परतली. मधल्या काळातही लोकांनी वाढदिवसाला, शाळेच्या कार्यक्रमाला ती टोपी घालणं सोडलं नाही. त्या वेशाला महागडं काहीच लागत नाही. जुनी चड्डी, दोन ठिगळं आणि टोपीला पाळ्या शिवून देणारी आजी एवढं पुरतं. वेश इतका स्वस्त ठेवण्यात लेखकाचं शहाणपण आहे, असं मी मानतो. ज्या मुलाकडे काही नाही, त्यालाही आपला आवडता नायक होता येतं.

म्हणून चाहत्यांच्या वेशांतराकडे पोरखेळ म्हणून पाहू नये. काही नट गेले. वाल्देस १९८८ साली, आगिर्रे २०१६ साली. त्यांची पात्रं आता टिकली आहेत ती पडद्यावर आणि लोकांच्या अंगावर. समीक्षकाने शंभर पानं लिहून जी दाद द्यावी, ती एखादा बाप आपल्या मुलाच्या डोक्यावर ती कानटोपी चढवून देतो.

वाचकांना माझी एक विनंती आहे. ही मालिका कुठे पाहायला मिळाली तर स्पॅनिश येत नाही म्हणून मागे राहू नका. आधी चोरीची गोष्ट पाहा. मग सगळी वेसिंदाद अकापुल्कोला सहलीला जाते ते भाग पाहा. त्यात जवळजवळ सगळी मूळ मंडळी एकत्र भेटतात. पाहताना एकदा फक्त कपड्यांकडे लक्ष ठेवा. संवाद न कळताही गोष्ट पुरेपूर कळेल.