देखावा आणि घर

दिवाळीच्या सुटीत मुलांना मुंबई दाखवायची, तर भायखळ्याची राणीची बाग चुकवून चालत नाही. १८६२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेला आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. तेथील जुने गजांचे पिंजरे मागे पडून झाडी, खडक आणि पाणी असलेली आवारे आली; मधे गजांऐवजी काच आली. हा पालट चांगलाच आहे. पण आवार प्राण्यासाठी रचले की आपल्या डोळ्यांसाठी, हे विचारल्यावाचून त्याचे मोल ठरवता येणार नाही.

गज काढून टाकण्याच्या या कल्पनेला खरे रूप दिले कार्ल हागेनबेक याने. १९०७ साली हाम्बुर्गजवळ त्याने खंदक खोदले, कृत्रिम डोंगर उभारले आणि सिंह मोकळा दिसू लागला. दिसू लागला, एवढेच! नाटकातल्या पडद्यावरचे अरण्य लांबून कितीही खरे भासले, तरी त्याच्या सावलीत कोणी विसावू शकत नाही. पुढे झुरिचच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक हेडिगर यांनी सांगितले, की नुसती ऐसपैस जागा पुरत नाही. ती कशी आहे, हे अधिक महत्त्वाचे. प्राण्याला माणसापासून दूर सरकता आले पाहिजे, आडोसा मिळाला पाहिजे.

आम्हां गागोद्याच्या माणसांना हे पटवावे लागत नाही. डोंगरात भेकर ओरडते, ते ऐकू येते. दिसते मात्र क्वचित. दडू देते, तेच रान.

राणीच्या बागेतले पेंग्विनच पाहा. २०१६ साली ते सोलहून आले आणि २०१७च्या मार्चमध्ये लोकांना पाहायला मिळाले. मुले तेथे बर्फ शोधतात. पण हंबोल्ट जातीच्या या पक्ष्याचे माहेर म्हणजे पेरू-चिलीचा खडकाळ किनारा. तो अंडी घालतो बिळात, कपारीत. त्याला बर्फाचा देखावा काय कामाचा? गार हवा, पोहण्यापुरते पाणी आणि घरट्यासाठी अंधारा कोपरा, एवढे मिळाले की झाले. २०२१ साली येथे पिल्ले वाढली, ही त्या दालनाच्या बाजूची मोठी साक्ष होय.

तेव्हा वाचकहो, काचेपुढे उभे राहूनही वाघ दिसला नाही आणि मुले हिरमुसली, तर काच ठोठावू नका. तिकीट वाया गेले, असेही म्हणू नका. वाघाला दडायला जागा आहे, एवढे मुलांना सांगा. रचणाऱ्याचे काम तेथेच साधले आहे.